मोकळं क्षितिज

केशरी आभाळ. रोखून धरलेला श्वास. बुटांत आठवडाभर राहिलेली वाळू. समुद्राच्या त्या फोटोला पुण्याच्या प्रदर्शनातलं पहिलं बक्षीस. मालवणकडच्या एका खानावळीत, हात धुवायच्या बेसिनवर टांगलेली त्याच फोटोची चौकट.

दोन वर्षांनी फोटोग्राफर तिथे जेवायला थांबला. वाढणाऱ्या बाईने त्याला ओळखलं; त्या संध्याकाळी तिने त्याला किनाऱ्यावर कॅमेरा घेऊन उभं पाहिलं होतं.

"तुमीच काढलास मां ह्यो फोटो? त्या सांजेक आमच्यांची होडी हयसर होती." तिने काचेवर, पाणी आणि आभाळ मिळतात तिथे बोट ठेवलं. तिथे काहीच नव्हतं.

तिचा नवरा त्या संध्याकाळी समुद्रात गेला तो परतला नाही. होडीही सापडली नाही.

"सासू म्हणता, माझ्या तोंडाक कंटाळान गोव्याक पळालो, थंय दुसरा घर केल्यान. तिका होडी दाखवची आसा."

"मी ती पुसली, ताई," तो म्हणाला. "क्षितिज मोकळं हवं होतं."

"पयलो फोटो आसतलो मां?"

"नाही ठेवला."

"पुसूक येता, तर परत घालूक येना नाय?"

"येतं. पण दुसऱ्या कुणाची तरी घालावी लागेल."

तिने काचेवरचं बोट काढलं. "खोट्या होडयेन सासू गप बसात. माका झोप लागाची नाय." मग ती त्याच्यासाठी भात आणायला आत गेली.

पुसण्याआधी त्याने तो ठिपका पडद्यावर मोठा करून पाहिला होता. होडीतला माणूस उभा राहून दोन्ही हात हलवत होता.