दर शनिवारी दुसरा

मुलं क्लासला गेली की दोन पन्नाशीचे बाप, नवरा आणि त्याचा कॉलेजातला मित्र, टीव्हीवरच्या व्हिडिओ गेममध्ये गाड्या पळवत. मित्र शेवटच्या वळणापर्यंत पुढे असायचा आणि नेमका तिथेच भिंतीवर आदळायचा. सलग नऊ शनिवार! इतक्या गोडीने हरणाऱ्याला नक्की काहीतरी हवं असणार, असा बायकोला दाट संशय.

दहाव्या शनिवारी नवरा फोन घ्यायला उठला, तशी ती म्हणाली, "भावजी, मुद्दाम हरता ना? हवंय तरी काय तुम्हाला?"

तो ओशाळला. "वहिनी, मी हरलो की हा कॉलर ताठ करून म्हणतो, पुढच्या शनिवारी ये बदला घ्यायला. जिंकलो तर कोण बोलावणार?"

तिने नवऱ्याचा रिमोट उचलला.

"चला, मला हरवा आधी. पुढच्या शनिवारी बदला मला घ्यायचाय."