खालची प्रत

दुबईत अल कुसैसच्या छापखान्यात मुनाफ परकार वीस वर्षं कॉम्प्युटरच्या फॉर्मना कडेची भोकं पाडणारं मशीन चालवत होता. काम लवकर उरकावं म्हणून मॅनेजर देवस्थळींनी मशीनची, हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी काढायला लावली आणि पाचव्याच दिवशी मुनाफच्या उजव्या हाताची चार बोटं तुटली. दुसऱ्या सकाळी देवस्थळी हॉस्पिटलमध्ये अपघाताचा फॉर्म घेऊन आले. मुनाफच्याच मशीनमधून निघालेला, एकाखाली एक तीन प्रतींचा, वर लिहिलेलं खाली उमटणारा. त्यात लिहिलं होतं, जाळी मुनाफने स्वतःहून काढली. "साहेब, तुम्हीच सांगितलंत ना?" "सही करा, मुनाफभाई. नाहीतर व्हिसा कॅन्सल, खलास. अरफाची बारावीची परीक्षा तोंडावर आलीय." उशाशी बसलेली त्याची मुलगी अरफा म्हणाली, "अब्बा, डोन्ट साइन!" मुनाफने तिच्याकडे पाहिलंच नाही. डाव्या हातात पेन धरून वेडीवाकडी सही केली. देवस्थळींनी वरचा कागद उचलून पाहिला. "खाली उमटली नाही. परत करा, जरा जोर लावून."