घोरपड्यांची पारख

ओतकामाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले सुपरवायझर घोरपडे यांची बावीस वर्षांची पारख त्या सकाळी कुंदाच्या मेंदूत उतरवण्यात आली. नव्या सुपरवायझरचे प्रशिक्षण हल्ली एवढ्यावरच आटोपत असे.

दुपारी शरीफाने नेहमीप्रमाणे आपला डबा तिच्यापुढे सरकवला. दहा वर्षांपासूनची ही मैत्रीण कुंदाला प्रथमच कामचुकार वाटली; कारण मात्र एकही आठवेना.

"काय गं साहेबीण, जेवत का नाहीस?"

"तुला भट्टीवरून काढावं म्हणते."

"हे तू नाही, घोरपडे बोलतायत! भट्टीपाशी बाई दिसली की त्यांच्या पोटात दुखायचं. तुझ्याविषयी काय म्हणतात, तेही बघ की!"

कुंदाने मनात शोधले. उत्तर तत्काळ सापडले: हिच्याने माणसे सांभाळणे व्हायचे नाही.

जेवण उरकेपर्यंत तिला ते पटलेही होते.