दानपत्राचं दुसरं पान

मॅरियन स्टोव्हरबाईंच्या पणजोबांनी आपलं कुरण दान केलं, म्हणून ओहायोत एल्डरफर्ड विद्यापीठ उभं राहिलं. तेव्हापासून दीडशे वर्षं त्या हिरवळीवर स्टोव्हरांची एक ना एक गाय चरत आली होती. सध्या पाळी डेझीची होती.

दर स्थापनादिनी पणजोबांच्या दानपत्राचं पहिलं पान मोठ्यानं वाचलं जायचं, टाळ्या पडायच्या आणि सगळे जेवणावर तुटून पडायचे. दुसऱ्या पानापर्यंत थांबायचा धीर कुणालाच नव्हता.

यंदा बडे देणगीदार येणार म्हणून हिरवळीवर पांढराशुभ्र तंबू ठोकला होता. सकाळी सकाळी नव्या अध्यक्षांनी डेझीला पाहून नाक मुरडलं.

"बाई, हे जनावर आधी इथून हलवा. विद्यापीठ आहे हे, गोठा नाही!"

"साहेब, आधी गोठाच होता की! राहू द्या बिचारीला एका कोपऱ्यात."

"आज तर मुळीच नाही."

"बघा हं. मग तसं लिहून द्या."

अध्यक्षांनी हसत हसत चार ओळी खरडल्या आणि झोकात सही ठोकली.

बाई डेझीला घेऊन घरी आल्या. स्वयंपाकघरात चौकटीत लावलेल्या दुसऱ्या पानाच्या प्रतीवरून त्यांनी फडकं फिरवलं. 'ज्या दिवशी या कुरणात आमची गाय चरणार नाही, त्या दिवसापासून कुरण माझ्या वारसांचं.'

संध्याकाळी त्यांनी अध्यक्षांना फोन लावला.


"साहेब, सोहळा झकास झाला म्हणे! बरं, माझ्या कुरणातला तुमचा तंबू कधी काढताय?"