वागुरीच्या आत

नांदेडच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली. "प्रोस्टेटची गाठ आहे, आणि चांगलीच आक्रमक दिसतेय. पण नशीब तुमचं, अजून आवरणाच्या आतच आहे, बाहेर पडलेली नाही. लवकर ऑपरेशन करू. तकलीफ होते का, बाबा?"

"काहीच न्हाई," ग्यानबा म्हणाला.

शेजारी बसलेल्या त्याच्या लेकाच्या, मुंजाजीच्या, जिवात जीव आला. वसमतला बसमधून उतरल्यापासून भेटेल त्याला तो सांगत सुटला, "बाचं दुखणं आतच हाय, भायेर न्हाई पडलं." मेंढरं बसवली होती त्या वावरात आल्यावर आईलाही त्यानं तेच सांगितलं. तिनं भाकरीच्या पिठाचेच हात बिरोबाला जोडले.

दिवस बुडताना मेंढरांभोवती जाळ्याची वागूर ताणून झाली, तरी ग्यानबा ती धरून आत बघतच राहिला.

"बा, काहून गप बसून राहिले तुमी? आतच हाय म्हणला की डॉक्टर."

"लांडगा भायेर असला की कुत्री भुकतात, आपुन काठी घेऊन धावतो. आत शिरला की त्यो एकावर भागवत न्हाई, समदा कळप फाडतो."

मुंजाजी हसला. "पर तुमाला तकलीफ कुठं हाय?"

ग्यानबानं वागुरीची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली.

"लांडगा आत आला की मेंढरं वरडत न्हाईत, मुंजा. एकमेकांत मुंडकी खुपसून गप हुबी राहतात."