एकोणिसावा फुगा

फुग्यावर साबणाचा फेस फासायचा आणि फुगा न फोडता तो फेस वस्तऱ्याने उतरवायचा. हे साधल्याशिवाय लेकीने गिऱ्हाइकाच्या गालाला हात लावायचा नाही, असा बाबांच्या सलूनमधला नियम. एकोणिसावा फुगा फाटकन फुटला, तशी ती रडकुंडीला आली.

"गेलं गिऱ्हाईक!" बाकावर बसलेला काका खिदळला.

"मला नाही जमणार, बाबा. तुमचा हात उपजतच हलका आहे."

"उपजत? डोंबलाचं उपजत! मी शिकलो तेव्हा फुगे नव्हते. घरात तुझा काका होता. तेव्हापासून दाढी ठेवतोय बिचारा."

काकाचं हसणं थांबलं. त्याने मुकाट्याने विसावा फुगा फुगवायला घेतला.