खांद्यावरचा हात

ज्याच्या हाती माणसाची अखेरची प्रतिमा सोपवली जाते, त्या छायाचित्रकाराकडे कौशल्याइतकीच करुणा असावी लागते.

गिरिजाबाईंचा एकच फोटो होता, जत्रेत नवऱ्याशेजारी बसून काढलेला. तेराव्यासाठी मुलाने तो भास्कररावांच्या स्टुडिओत आणला. "आईला एकटीला ठेवा, काका. तिच्या खांद्यावरचा अण्णांचा हात काढा. जित्या माणसाच्या हातावर हार नको."

भास्कररावांनी हात सफाईने पुसला, पदर नव्याने जुळवला.

संगणकाच्या पडद्यावर तिला एकटी पाहताच मुलासोबत आलेले म्हातारे अण्णा गहिवरले. "पहिल्यांदाच कॅमेऱ्यापुढे बसली होती. भ्याली, म्हणून खांदा धरला मी. आता एकटी कशी बसेल हो ती?"

मुलाने मान खाली घातली. भास्कररावांनी पुसलेला हात पूर्ववत आणला आणि तोच फोटो चौकटीत बसवला.

त्या हाताच्या आधाराने माउलीला शांती लाभो. अण्णांच्या रित्या झालेल्या हातालाही लाभो.